ब्राँझचा ऱ्होड्स आणि दहा शिलिंगांचा कर

दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन विद्यापीठाच्या प्रांगणातून सेसिल ऱ्होड्सचा ब्राँझचा पुतळा ९ एप्रिल २०१५ रोजी हलविण्यात आला. पुतळे हटवून इतिहास पुसला जात नाही, असे तेव्हा अनेकांनी बजावले. आक्षेप वरवर समंजस वाटतो. वस्तुतः पुतळा म्हणजे इतिहास नव्हे, तो इतिहासाविषयी दिलेला निवाडा असतो. मॅरियन वॉलगेट या शिल्पकर्तीने घडविलेला हा बैठा पुतळा १९३४ साली, ऱ्होड्सच्या निधनानंतर ३२ वर्षांनी, बसविण्यात आला. विद्यापीठ वसले ती जमीन त्याच्याच इस्टेटीतील; तेव्हा दात्याविषयीची कृतज्ञता समजण्यासारखी आहे.

परंतु दात्याची मिळकत कशी झाली, हेही पाहिले पाहिजे. किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींवर ऱ्होड्सच्या डी बिअर्स कंपनीची मक्तेदारी होती. खाणींना मजूर हवे होते, आणि ज्याच्यापाशी पोटापुरती शेती आहे तो मजुरीला सहसा येत नाही. केप वसाहतीचा पंतप्रधान या नात्याने ऱ्होड्सने १८९४ साली ग्लेन ग्रे कायदा संमत करून घेतला. त्यान्वये आफ्रिकी कुटुंबाला जमिनीचा लहानसा तुकडा मिळे, आणि तो एकाच वारसाकडे जाई. उरलेल्या मुलांनी कोठे जावे? वर्षातून तीन महिने जिल्ह्याबाहेर मजुरी न करणाऱ्या पुरुषावर १० शिलिंगांचा कर बसविण्यात आला होता! शिवाय अशा जमिनीच्या आधारे मताधिकारही मिळत नसे. मागणी-पुरवठ्याच्या आलेखांत श्रमाचा हा बाजार दिसत नाही.

मार्च २०१५ मध्ये एका विद्यार्थ्याने झोपडवस्तीतून आणलेली विष्ठा या पुतळ्यावर फेकली. कृत्य सभ्य नव्हतेच. तथापि त्या वस्तीतील शौचकूपांची अवस्था तरी कोठे सभ्य होती? महिन्याभरात विद्यापीठाच्या कार्यकारिणीने पुतळा हटविण्याचा ठराव केला. विद्यापीठाला फारशी झळ न लागता हे साधले.

फीचा प्रश्न तसा नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये देशभरातील विद्यार्थी फीवाढीविरुद्ध रस्त्यावर उतरले आणि २३ तारखेला राष्ट्राध्यक्ष झुमा यांनी २०१६ साली वाढ होणार नाही, असे जाहीर केले. सवलत वर्षापुरतीच होती. सप्टेंबर २०१६ मध्ये विद्यापीठांना ८ टक्क्यांपर्यंत वाढीची मुभा मिळाली आणि आंदोलन पुन्हा पेटले.