आधी माहिती पुरते का ते पाहा

रमजान जवळ आला की शेजारपाजारचे लोक विचारतात, "यंदा आमची जकात किती निघेल?" घरातले वडीलधारे लगेच आकडा सांगत नाहीत. आधी विचारतात : सोने किती, रोकड किती, देणे किती, वर्ष पूर्ण झाले का? एवढे कळल्याशिवाय हिशेब होत नाही. एमबीए प्रवेशाच्या सीईटीतले 'डेटा सफिशियन्सी'चे प्रश्न हेच तपासतात : दिलेली माहिती उत्तराला पुरते का?

वाशीम जिल्ह्यात मंगरूळपीरला आम्ही दर रविवारी घरीच काही मुलामुलींचा अभ्यास घेतो. गेल्या वर्षी त्यांतली एक मुलगी परीक्षा देऊन रडतच आली. गणित तिचे पक्के; पण असा प्रत्येक प्रश्न तिने शेवटच्या आकड्यापर्यंत सोडवला आणि शेवटचे तीसेक प्रश्न वाचायचेच राहिले. 200 प्रश्न, 150 मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाला 45 सेकंद. घरच्यांनी तिला आणखी एक वर्ष दिले. तिच्यासोबत बसून आम्ही जे शिकलो, ते असे.

आकडेमोड टाळा. सोयाबीनची 20 पोती विकली, पैसे किती आले? विधान 1 : प्रत्येक पोते 50 किलोचे. विधान 2 : भाव क्विंटलला 4,800 रुपये. एकटे कोणतेच पुरत नाही, दोन्ही मिळून पुरतात. इथेच थांबा. गुणाकार करायची गरज नाही.

विधाने वेगवेगळी वाचा. दुसरे विधान वाचताना पहिले हाताने झाका. पहिले एकटे पुरले, तर 'फक्त पहिले' आणि 'दोन्हींपैकी कोणतेही एक' हे दोनच पर्याय उरतात. पुरले नाही, तर हे दोन्ही बाद.

'नाही' हेही उत्तर आहे. न ही पूर्ण संख्या सम आहे का? न + 1 सम आहे, असे विधान असेल तर न विषमच. उत्तर ठामपणे 'नाही' आले, म्हणजे माहिती पुरली. 'न ला 3 ने भाग जातो' हे मात्र पुरत नाही. 3 विषम, 6 सम.

ऋण संख्या विसरू नका. एका संख्येचा वर्ग 49 आहे, तर ती संख्या 7 असेल किंवा उणे 7. उत्तरे दोन, म्हणून माहिती अपुरी.

दोन समीकरणे पाहून फसू नका. 2 पेन आणि 3 वह्यांचे 90 रुपये. 4 पेन आणि 6 वह्यांचे 180 रुपये. दुसरे विधान पहिल्याचीच दुप्पट आहे. पेनची किंमत कळत नाही.

पर्यायांचा क्रम परीक्षेत बदलू शकतो, तो नीट वाचा. या सीईटीत चुकीला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न रिकामा सोडू नका. तरी अर्ज भरताना त्या वर्षाचे माहितीपत्रक पाहाच.

परवा त्या मुलीचे अब्बू म्हणाले, "पुण्याला पाठवणं आपल्याला झेपणार नाही." ती शांतपणे म्हणाली, "अब्बू, फी किती, शिष्यवृत्ती किती, वसतिगृहाला किती, हे आपण पाहिलंय कुठे? माहिती अपुरी आहे."

सध्या बाप-लेक मिळून ती माहिती जमवत आहेत.