वेली आणि त्यांचे आधार

मंगरूळपीर पूर्वी जुन्या वाशीम जिल्ह्यात होते, १९०५ साली तो जिल्हा मोडला तेव्हा ते अकोल्याकडे गेले, आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा वाशीमच्या हद्दीत आले. परंतु हद्दींच्या या फेरफारांची नोंद जशी कचेरीच्या दप्तरांत सापडते, तशी गावातील सांदवाड्यांतून कोणत्या वेली गेल्या आणि कोणत्या आल्या याची नोंद कोठेही नाही. महाराष्ट्र राज्य झाले त्या सुमारापासून आजतागायत हे स्थित्यंतर डोळ्यांदेखत घडले, आणि त्याचे कारण लोकांच्या आवडीनिवडीपेक्षा घरांच्या बांधणीत अधिक आहे, असे माझे मत दिवसेंदिवस दृढ होत गेले आहे.

त्या वेळची घरे बहुतांशी धाब्याची. मातीच्या जाड भिंती, लाकडी खांबांची ओसरी, मागे सांदवाडी आणि तिच्या एका कोपऱ्यात न्हाणी, अशी ती रचना होती. आणि न्हाणीचे सांडपाणी जेथे मुरे तेथेच दोडका, वाल, तोंडले किंवा जाई लावावी, हा घरोघरचा रिवाज होता. या रिवाजामागे जमिनीचे पक्के ज्ञान होते. आमची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि पारा ४२-४३ अंशांच्या पुढे गेला की आकसून भेगाळते. त्या भेगा रुंदावताना वेलीची कोवळी मुळे तटातट तुटतात, आणि पावसाळ्यात जोमदार वाटलेली वेल वैशाखात एकाएकी माना टाकते. न्हाणीजवळची ओल बारमाही असल्यामुळे तेथे भेग पडतच नसे. मांडवासाठी दाम मोजावे लागत नसत, कारण शेतातून पऱ्हाट्या आणि तुराट्या जळणाला म्हणून घरी येत, त्यांतल्याच सरळ पाहून वेलीपाशी रोवल्या जात.

या काड्यांचे महत्त्व ज्याला पाहावयाचे असेल त्याने मृगाचा पाऊस झाल्यावर काटवलाची वेल जवळून पाहावी. जमिनीतील कंद निद्रेतून जागा होतो, सुतासारखा कोंब वर येतो, आणि पानाच्या बगलेतून निघालेला बिनफाट्याचा तणावा हवेत संथपणे फिरत आधार शोधू लागतो. काडीचा स्पर्श होताच टोक तिच्याभोवती वेढे घेते. नंतर उरलेला भाग आपल्याआपणच वळू लागतो, आणि दोन्ही टोके बांधलेली असल्यामुळे अर्धा एका दिशेने, अर्धा उलट दिशेने वळून मध्ये एक सरळ सांधा राहतो. अशा रीतीने तयार झालेल्या स्प्रिंगमुळे वाऱ्याच्या झोतात वेल हेलकावते, पण तुटत नाही. चार्ल्स डार्विन यांनी १८६५ साली प्रसिद्ध केलेल्या वेलींविषयीच्या प्रबंधात ही क्रिया बारकाईने वर्णिली आहे. मात्र हा तणावा तुराटीएवढी बारीक वस्तूच पकडू शकतो. जाड वासा किंवा गुळगुळीत भिंत त्याच्या काहीही उपयोगाची नाही. काटवलात नर वेल वेगळी आणि मादी वेल वेगळी असल्याने कंद एकच लावून फळाची आशा धरणेही व्यर्थ होय.

पुढे धाबी उतरली आणि स्लॅब पडले. सांदवाडीच्या जागेवर खोल्या चढल्या, न्हाणीचे पाणी नळीतून गटारात गेले, गॅस आल्यावर पऱ्हाट्या घरी येईनाशा झाल्या, आणि सिमेंटच्या भिंतीवर ना तणाव्याला पकड, ना वेढे घेणाऱ्या खोडाला. ज्या वेलींना बारीक काडी हवी होती त्यांचा गावातील अंमल अशा प्रकारे निमूटपणे संपला.

त्यांच्या जागी प्रथम आली ती बोगनवेल. मूळची ब्राझीलची, १७६७ साली रिओ येथे फ्रेंच वनस्पतिज्ञ कॉमेर्सों यांच्या हाती लागलेली आणि त्यांच्या नौकाधिपतीच्या नावाने ओळखली जाणारी ही वेल वेढे घेत नाही की तणावे टाकीत नाही. आपल्या काट्यांनी अडकत, रेलत ती वर जाते, आणि कंपाउंडची भिंत तिला पुरेशी होते. पाणी बेताचे मिळाले तर तिला रंग अधिक येतो, हा गुण वऱ्हाडच्या उन्हाळ्याला मानवला. गव्हाच्या तांबेऱ्यावरील संशोधनासाठी विख्यात असलेले डॉ. बी. पी. पाल यांनी १९६० साली भारतातील सुंदर वेलींवर ग्रंथ लिहिला आणि बोगनवेलीच्या नव्या जातीही निर्माण केल्या. तिचा देशभर जो प्रसार झाला त्याचे श्रेय अशा विद्वानांच्या आस्थेलाही द्यावे लागेल.

मधुमालतीच्या बाबतीत मात्र मला खेद वाटतो. संध्याकाळी पांढरे उमलणारे, दुसऱ्या दिवशी गुलाबी आणि पुढे लाल होणारे तिचे फूल पाहून लोक मोहित होतात, आणि फाटकालगतच्या वीतभर जागेत तिचे रोप लावून मोकळे होतात. रोप प्रारंभी झुडपासारखे साळसूद वाढते. पुढे त्यातून लांबच लांब फोक सुटतात, गळून पडलेल्या पानांचे देठ खोडावर काट्यांसारखे टणक होऊन राहतात, त्यांच्या बळावर ती पन्हाळीत, टिनांखाली, विजेच्या तारांवर चढते, आणि मग एके दिवशी कुऱ्हाड आणून बुडापासून तोडली जाते. दोष तिचा नव्हे. तिला भक्कम लोखंडी मांडव द्यावा, फुलांचा बहर ओसरला की थंडीत निर्दयपणे छाटावे. नव्या फुटीवरच फुले येत असल्याने छाटणीने नुकसान काहीच होत नाही. कालिदासाने ‘शाकुंतला’त वनज्योत्स्नेचे वर्णन केले ते सहकार वृक्षाच्या आधारासह; आपण आधी फूल पाहतो आणि आधाराचा विचार भिंत फुगल्यावर करतो.

२०२० साली करोनाच्या काळात गुळवेलीची जी शोधाशोध सुरू झाली, तिने वेल ओळखण्याचे आपले ज्ञान किती क्षीण झाले आहे हे उघडे पाडले. पान हृदयाच्या आकाराचे दिसले की ती गुळवेल, एवढ्यावरच अनेकांची मजल गेली. वास्तविक आइस्क्रीमच्या वेलीचे पानही तसेच असते, फक्त ते खरबरीत, शिरा खोल गेलेले आणि कडेला लहरदार. गुळवेलीचे पान गुळगुळीत, जुन्या खोडाची साल कागदासारखी पातळ सुटणारी, आडवा छेद चाकाच्या आऱ्यांसारखा, आणि फळे पिकल्यावर लाल, वाटाण्याएवढी. तिच्याच कुळातील एका वेलीचे खोड बारीक गाठींनी भरलेले असते व कापल्यास दुधासारखा स्राव येतो. ती घातक ठरू शकते, असा इशारा आयुष मंत्रालयाने २०२२ साली दिला. खोडावर हात फिरवला तरी हा भेद कळतो, पण त्यासाठी खोडावर हात फिरवण्याची सवय हवी.

सुदैवाने गुळवेलीचा जुना आधार, म्हणजे कडुनिंब, गावात अद्याप ठिकठिकाणी उभा आहे. निंबावरची गुळवेल वैद्य श्रेष्ठ मानतात. तिचे बोटाएवढ्या जाडीचे, तीन-चार डोळ्यांचे फाटे ज्येष्ठाच्या अखेरीस बुंध्यापासून हातभर अंतरावर रोवावे, मातीत थोडा मुरूम व शेणखत मिसळावे म्हणजे पाणी तुंबणार नाही, आणि पहिल्या फांदीपर्यंत सुतळी बांधून द्यावी, कारण मोठा बुंधा तिच्या वेढ्यात मावत नाही. एकदा फांदी गाठली की पुढची काळजी तीच घेते. मध्येच कोणी तिला कापले तरी वरच्या भागातून दोऱ्यासारखी मुळे खाली सोडून ती पुन्हा जमीन धरते.