कोण मोठा : जुना खेळाडू की नवा?

आपल्या मावळात भाताच्या वाणांचा वाद घरोघर होतो. आंबेमोहोर हा जुना भात. तो शिजला की वास शेजारच्या घरापर्यंत जाई. पुढे वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात इंद्रायणी हा वाण तयार झाला. तो १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आला. म्हातारी माणसे म्हणतात, आंबेमोहोराची सर कशाला नाही. तरणी पोरे म्हणतात, अहो, पण उतारा बघा की!

हा वाद मिटवायला सोपा आहे. एकाच शेतात दोन्ही वाण शेजारी शेजारी लावावेत. पाऊस एक, खत एक, राखण एक. कापणी झाली की वजन करावे. भात शिजवून चव घ्यावी. निकाल आपोआप लागतो.

माणसांचे मात्र असे करता येत नाही. १९३६ साली खेळलेला गडी आणि आज खेळणारा पोरगा यांना एका मैदानावर उतरवता येत नाही. तरी आपण त्यांची तुलना करतोच. पारावर करतो, चहाच्या टपरीवर करतो, लोकलच्या डब्यात करतो. तुलना करणे वाईट नाही. त्यातून खेळाची जाण वाढते. पण माप खोटे असले तर निकालही खोटा लागतो, आणि त्याचा फटका बसतो तो कोवळ्या पोराला. म्हणून खरे माप कसे धरावे ते आज पाहू. उदाहरण हॉकीचे घेऊ. कारण हॉकीतला एक थोर खेळाडू आपल्या लोकलच्या वाटेवरच वाढला.

हॉकी म्हणजे काय?

विटीदांडू आपण सगळेच खेळलो आहोत. हॉकीतही हातात दांडू असतो. तो खाली वाकडा असतो. विटीच्या जागी टणक चेंडू असतो. एका बाजूला अकरा गडी, दुसऱ्या बाजूला अकरा गडी. चेंडू दांडूने ढकलत न्यायचा आणि समोरच्यांच्या जाळीत घालायचा. जाळीत गेला की गोल झाला. ज्याचे गोल जास्त, तो जिंकला.

दर चार वर्षांनी सगळ्या जगाचे खेळांचे सामने भरतात. त्यांना ऑलिंपिक म्हणतात. पहिल्या नंबराला सोन्याचे पदक, दुसऱ्याला चांदीचे, तिसऱ्याला काशाचे. हॉकीत भारताने आजवर आठ वेळा सोन्याचे पदक आणले आहे. त्यातले पहिले १९२८ साली आणले आणि आठवे १९८० साली.

खडकीचा धनराज

आंबीहून तळेगावला जावे आणि पुण्याची लोकल धरावी. देहूरोड, चिंचवड, पिंपरी मागे टाकून गाडी खडकीला थांबते. तिथे सरकारचा दारूगोळ्याचा कारखाना आहे. त्या कारखान्याच्या वसाहतीत धनराज पिल्ले वाढले. त्यांचा जन्म १९६८ सालचा. घरची भाषा तमिळ. वडील मैदानाची निगा राखण्याचे काम करीत. घरात पाच भाऊ, आणि पैसा बेताचा. नवी काठी घेणे परवडत नसे. मग मुले मोडक्या काठ्या बांधून घेत, टाकून दिलेले चेंडू उचलून आणीत आणि मातीत खेळत.

धनराजचे थोरले भाऊ रमेश मुंबईला हॉकी खेळत. त्यांच्या मागोमाग धनराजही मुंबईला गेले. तिथे महिंद्र कंपनीच्या संघात खेळले आणि १९८९ साली भारताच्या संघात आले.

त्या वेळी लोकांच्या डोळ्यांपुढे होते बनारसचे महंमद शाहिद. १९८० साली मॉस्कोला भारताने सोन्याचे पदक जिंकले, त्या संघात शाहिद होते. चेंडू काठीला चिकटवल्यासारखा ठेवून ते समोरच्या गड्याला असे चकवीत, की तो नुसता पाहत राही. धनराज लहानपणापासून त्यांना गुरू मानत. त्यांच्यासारखे खेळावे म्हणून धडपडत. पण धनराजची खरी ताकद होती पायांत. लांब केस उडवीत ते वाऱ्यासारखे धावत सुटत. त्यांनी शाहिदकडून विद्या घेतली आणि आपल्या अंगच्या वेगाला ती जोडली. शाहिदची हुबेहूब नक्कल करीत बसले असते, तर आज त्यांचे नाव कोणी घेतले नसते.

धनराज चार ऑलिंपिक खेळले : १९९२, १९९६, २००० आणि २००४. जागतिक करंडकाच्या सामन्यांतही ते चार वेळा खेळले. १९९८ साली बँकॉकला आशियाई खेळांत ते कप्तान होते. तिथे भारताने सोन्याचे पदक जिंकले. त्याआधी ते १९६६ साली जिंकले होते. म्हणजे बत्तीस वर्षांनी ते परत आले.

पण चार ऑलिंपिक खेळूनही धनराज यांना ऑलिंपिकचे एकही पदक मिळाले नाही.

आणि ध्यानचंद?

आता जुन्या काळाकडे वळू. मेजर ध्यानचंद यांचा जन्म १९०५ सालचा. सोळाव्या वर्षी ते फौजेत शिपाई झाले आणि तिथेच त्यांचा खेळ वाढला. १९२८, १९३२ आणि १९३६ अशा तीन ऑलिंपिकमध्ये ते खेळले, आणि तिन्ही वेळा भारताने सोने जिंकले. बर्लिनला १९३६ साली ते कप्तान होते. सराव सामन्यात जर्मनीने आपल्याला ४ विरुद्ध १ असे हरवले होते. शेवटच्या सामन्यात त्याच जर्मनीला आपण ८ विरुद्ध १ असे हरवले. तो दिवस होता १५ ऑगस्ट. त्यांचा जन्मदिवस २९ ऑगस्ट हा आज आपला राष्ट्रीय क्रीडादिन आहे. पिंपरीच्या नेहरूनगरातल्या हॉकीच्या मैदानालाही त्यांचेच नाव आहे.

आता कोणी सरळ हिशेब मांडील. ध्यानचंद यांची सोन्याची पदके तीन. धनराज यांचे एकही नाही. झाला निकाल!

थांबा. भाताचे वजन करण्याआधी आपण शेत पाहतो, पाऊस पाहतो. इथेही तेच करू.

शेत बदलले

ध्यानचंद खेळले ते गवतावर. गवतावर चेंडू उसळतो, अडखळतो, भलतीकडे वळतो. तिथे ज्याचा हात कसबी, तो राजा. १९७६ साली ऑलिंपिकची हॉकी पहिल्यांदा कृत्रिम गवतावर झाली. हे गवत कारखान्यात बनते. ते सतरंजीसारखे अंथरतात. त्यावर पाणी मारले की चेंडू सरळ आणि वेगाने धावतो. तिथे हाताच्या कसबाबरोबर दम आणि ताकद लागते. असली मैदाने महाग. श्रीमंत देशांनी ती भराभर केली. आपली पोरे बराच काळ मातीत आणि गवतावर शिकून त्या मैदानावर खेळायला जात. त्या १९७६ सालच्या ऑलिंपिकमध्ये भारत सातवा आला.

नियमही बदलले. पूर्वी गड्याने समोरच्यांच्या जाळीपाशी आधीच जाऊन उभे राहायचे नाही, असा नियम होता. तो १९९८ पासून उठला. पूर्वी खेळ सत्तर मिनिटे चाले. आता पंधरा पंधरा मिनिटांचे चार डाव होतात. ध्यानचंद यांच्या काळी तेच अकरा जण शेवटपर्यंत खेळत. आता दमलेला गडी बाहेर येतो, ताजा गडी आत जातो.

मग सांगा, गवतावरचा खेळ आणि या नव्या मैदानावरचा खेळ एका तराजूत कसा घालणार?

समोर किती जण होते?

दुसरी गोष्ट. गावच्या आखाड्यात तीनच मल्ल आले, तर पहिला नंबर मिळवणे निराळे. बारा गावचे बारा मल्ल आले, तर निराळे. १९३२ साली लॉस एंजेलिसला हॉकीसाठी फक्त तीन देश आले होते : भारत, अमेरिका आणि जपान. तिथे आपण अमेरिकेला २४ विरुद्ध १ असे हरवले. धनराज खेळले त्या चारही ऑलिंपिकमध्ये बारा-बारा देश होते. त्यांतले कितीतरी देश वर्षभर तयारी करून आलेले.

मग ध्यानचंद लहान ठरले का? मुळीच नाही. समोर कोण यावे, हे त्यांच्या हातात नव्हते. जे आले त्यांना त्यांनी हरवले. त्यांच्या वेळी खेळाडू विमानाने जात नसत. खेळाडू आगबोटीने आठवडेच्या आठवडे प्रवास करून जात आणि परक्या हवेत, परक्या अन्नावर खेळत. जुन्या माणसाची अडचण विसरणे ही जशी चूक, तशीच नव्या माणसाची अडचण विसरणे हीही चूकच.

आकड्यांवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. धनराज यांनी देशासाठी किती गोल केले, याची नोंदच आपल्याकडे कोणी धड ठेवली नाही. मग ज्याची वहीच नाही, त्याची बेरीज कशी करणार?

बापाचे माप मुलाला

तुलनेचा जाच कसा असतो ते ध्यानचंद यांच्या घरातच दिसते. त्यांचा मुलगा अशोक कुमार हाही भारताकडून हॉकी खेळला. एवढ्या मोठ्या बापाचा मुलगा! मैदानात पाऊल टाकले की लोक त्याच्यात बापच शोधणार. १९७५ साली क्वालालंपूरला जागतिक करंडकाचा शेवटचा सामना भारत आणि पाकिस्तान यांच्यात झाला. भारत २ विरुद्ध १ असा जिंकला. जिंकून देणारा गोल अशोक कुमार यांचा होता. तो करंडक ध्यानचंद यांच्याकडे नव्हता. असणार तरी कसा? जागतिक करंडकाचे सामनेच मुळी १९७१ साली सुरू झाले. बापाजवळ जे होते ते मुलाला मिळाले नाही. मुलाला जे मिळाले ते बापाच्या काळी नव्हतेच. दोघांनी आपापल्या काळचे काम चोख केले.

मुलींची गोष्ट तर आणखी निराळी. ऑलिंपिकमध्ये बायकांची हॉकी सुरू झाली ती १९८० साली. सातारा जिल्ह्यात फलटण तालुक्यात आसू नावाचे गाव आहे. तिथली वैष्णवी फाळके ही मुलगी भारताच्या संघात खेळली. २०२३ साली चीनमध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई खेळांत आपल्या महिला संघाने काशाचे पदक मिळवले, त्या संघात ती होती. तिला ध्यानचंद यांचे माप लावून काय साधणार? खेड्यातून निघून ती कुठवर पोचली, हेच तिचे माप.

पोराला पाहावे कसे?

आपल्या गावातही एखादा पोरगा कबड्डीत चमकतो, कोणी कुस्तीत, कोणी क्रिकेटमध्ये. त्याचे दोन प्रकारे नुकसान होते. एक म्हातारबा म्हणतात, "याच्यात काय आहे? आमच्या वेळचे गडी बघायला पाहिजे होते." हे ऐकून पोराची उमेद खचते. दुसरे हौशी लोक एकाच सामन्यानंतर त्याला खांद्यावर घेतात. गावात फलक लावतात. हा दुसरा धनराज, हा दुसरा तेंडुलकर! हे ऐकून पोरगा सराव सोडतो, किंवा पुढच्या सामन्यात भीतीने त्याचे पाय लटपटतात. हरला की तेच लोक त्याच्यावर हसतात. निंदा आणि फुकटची स्तुती, दोन्ही सारख्याच घातक.

म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवा.

१. पोराची तुलना आधी त्याच्या स्वतःशी करा. गेल्या साली काय येत होते, औंदा काय येते?

२. तो कोणाविरुद्ध खेळला, कोणत्या मैदानावर खेळला, ते विचारा.

३. एका पावसाळ्यावरून वाणाचा निकाल लावत नाहीत. खेळाडूलाही दोन-तीन साले द्या. हरल्यावर दुसऱ्या दिवशी तो सरावाला येतो का, ते पाहा.

४. जुन्या खेळाडूंच्या गोष्टी त्याला जरूर सांगा. पण त्या शिकण्यासाठी सांगा, टोचण्यासाठी नको. धनराज यांनी शाहिदचा खेळ पाहिला तो असाच, शिकण्यासाठी.

आणि एक पाचवी गोष्ट. नुसती तुलना करून खेळाडू तयार होत नाही. त्याला बूट लागतात, पोटभर अन्न लागते, खेळायला जागा लागते. मुलीला तर घरच्यांची परवानगी लागते, आणि सांजेला सरावाहून घरी आणायला कोणीतरी सोबत लागते. पारावर घटकाभर वाद घालणाऱ्या दहा जणांनी मिळून एका पोराला चांगले बूट घेऊन दिले, तर तो वाद सार्थकी लागला म्हणायचा.

भारताच्या पुरुष संघाने टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये २०२१ साली काशाचे पदक आणले. त्याआधी एक्केचाळीस वर्षे हात रिकामे होते. २०२४ साली पॅरिसहून पुन्हा काशाचे आणले. कोणी म्हणेल, पूर्वी तर सोने यायचे. खरे आहे. पण हे पदक कसल्या मैदानावर मिळाले आणि समोर किती संघ होते, तेही त्याला विचारा. आता तुम्हाला माप धरता येते.

वर्गात बोलण्यासाठी प्रश्न

१. भाताच्या दोन वाणांची तुलना सोपी का, आणि दोन काळच्या खेळाडूंची अवघड का?

२. १९३२ सालच्या ऑलिंपिकमध्ये हॉकीसाठी किती देश आले होते? २००० साली किती होते?

३. तुमच्या गावात चांगले खेळणारा मुलगा किंवा मुलगी कोण आहे? गेल्या सालापेक्षा औंदा त्यांच्या खेळात काय सुधारले? त्यांना कशाची गरज आहे?