न दिसणारा तिसरा पट्टा

स्मृतिव्याख्यानाच्या या पुस्तिकेसाठी लेख मागताना शाळेच्या चालकांनी 'भाषेवरच लिहा' असा आग्रह धरला नाही, हे त्यांचे सौजन्य होय. त्या सवलतीचा लाभ घेऊन, जन्मभर मराठी शिकवलेला मी बिनतारी जाळ्याविषयी लिहिण्याचे धारिष्ट करीत आहे. मी तंत्रज्ञ नव्हे. परंतु ज्या अडचणीने मला दोन आठवडे छळले, तीच अडचण शाळेच्या संगणककक्षात किंवा वाचकांच्या घरी उद्या येऊ शकेल. आणि तिच्या पायी चांगली यंत्रे मोडीत निघताना मी पाहिली आहेत.

२०२५ च्या दिवाळीत माझा पुतण्या न्यू जर्सीहून वडोदऱ्यास आला, तो दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरासाठी एक नवा राउटर घेऊनच. "काका, आता तुमच्या कोशाची पाने झटक्यात पाठवता येतील," असे म्हणून त्याने तो दिवाणखान्यात बसवला आणि त्याच्यातून निघणाऱ्या तीन जाळ्यांना तीन वेगळी नावे दिली. त्याच्या लॅपटॉपवर तिन्ही नावे उमटली. माझ्या लॅपटॉपवर दोनच. यंत्र बंद करून चालू केले, जुनी जाळी पुसून पाहिली, लॅपटॉप राउटरच्या शेजारी नेऊन ठेवला. तिसरे नाव काही दिसेना. पुतण्या सासुरवाडीस गेला तेव्हा मी यंत्र पिशवीत घालून दुरुस्तीच्या एका दुकानात गेलो. तेथील तरुणाने झाकण उघडण्यापूर्वीच निकाल दिला, "साहेब, आ तो जूनुं थई गयुं. नवुं लई लो." त्याने कारणही सांगितले: विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. कारण खरे होते. परंतु माझ्या तक्रारीचे कारण ते नव्हते.

नव्या लॅपटॉपची किंमत निवृत्तिवेतनातून काढणे अवघड असले तरी अशक्य नव्हते. खरी भीती निराळी होती. वडोदऱ्यातील मराठी घरांत वापरल्या जाणाऱ्या शब्दांचा एक कोश मी आठ वर्षे रचीत आलो आहे. त्याचा मोठा भाग युनिकोडपूर्व टंकांत टंकलेला असून ते टंक ज्या जुन्या आज्ञावलीवर चालतात, ती नव्या यंत्रावर चालेल याची हमी कोणी देईना. टंक गेला की 'कपाट' या शब्दाच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. एका न दिसणाऱ्या नावासाठी हजारो दिसणारे शब्द पणाला लावावयाचे काय, असा तो प्रश्न होता.

मूळ गोष्ट समजावयास माझ्या पिढीला रेडिओची आठवण पुरेशी आहे. आमच्या घरच्या रेडिओवर मध्यम लहरींचा एक पट्टा आणि लघुलहरींचे दोन पट्टे होते. रेडिओ सिलोन ४१ मीटरवर शोधताना सुई केसभर सरकली तरी गाणे निसटे. पुढे एफएम केंद्रे आली, तेव्हा त्या रेडिओवर ती लागली नाहीत. म्हणून कोणी रेडिओ बिघडला असे म्हणाले नाही. त्याच्यात तो पट्टाच नव्हता, इतकेच. संगणकाचे बिनतारी जाळे हाही रेडिओच आहे. ४१ मीटरच्या लहरींऐवजी येथे काही सेंटीमीटरांच्या लहरी आहेत, एवढाच फरक. २.४ गिगाहर्ट्झच्या जुन्या पट्ट्यात लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटीमीटर, ५ गिगाहर्ट्झमध्ये सहा आणि नव्या ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पाच.

येथे नावांनी मोठा घोळ घातला आहे, आणि तो माझ्या विषयातला असल्यामुळे त्याच्यावर थोडे रेंगाळतो. २०१८ मध्ये या तंत्राच्या पिढ्यांना क्रमांक देण्याचे ठरले आणि नवी पिढी 'वाय-फाय ६' झाली. हा सहा म्हणजे सहावी पिढी; सहा गिगाहर्ट्झशी त्याचा संबंध नाही. वाय-फाय ६ चे यंत्र २.४ आणि ५ याच पट्ट्यांवर चालते. ६ गिगाहर्ट्झचा पट्टा ओळखणाऱ्या यंत्रासाठी २०२० मध्ये 'वाय-फाय ६ई' हे वेगळे नाव आले. त्या एका 'ई'मध्ये सगळा फरक दडला आहे. भरीला राउटरवर दिसणारे '५जी' म्हणजे ५ गिगाहर्ट्झ आणि मोबाइलचे '५जी' म्हणजे पाचवी पिढी! महाराजा सयाजीरावांनी १९३१ मध्ये राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतील कल्पतरू तयार करवून घेतला, तो एका शब्दाचा एकच अर्थ सर्वांनी घ्यावा म्हणून. या कंपन्यांना त्याची एक प्रत पाठवावी, असे माझ्या मनात आले.

तेव्हा पहिली तपासणी ही, की जाळे हवेत आहे काय; दुसऱ्या एखाद्या नव्या यंत्रावर ते दिसले, तर आहे. दुसरी तपासणी आपल्या यंत्रातील बिनतारी कार्डाची. विंडोजमध्ये स्टार्टच्या चिन्हावर उजवी कळ दाबून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडावे आणि 'नेटवर्क अॅडॅप्टर्स' या शीर्षकाखाली कार्डाचे नाव वाचावे. माझ्या यंत्रात 'इंटेल एएक्स २०१' निघाले. इंटेलची एएक्स २०० आणि २०१ ही कार्डे वाय-फाय ६ ची आहेत. ६ गिगाहर्ट्झ ओळखणारी कार्डे एएक्स २१० आणि २११. एका अंकाचे अंतर! माझी तक्रार येथेच मिटली. ज्या कार्डात पट्टा नाही, त्याच्यापुढे कोणतीही कळ दाबून काही होत नाही. दोन दिवस आम्ही केलेले सर्व उपाय व्यर्थ होते. दुकानदाराने हे पान उघडले असते, तर अर्ध्या मिनिटात त्यालाही कळले असते.

कार्ड बदलता येते काय? कधी येते. एएक्स २१० हे कार्ड अनेक लॅपटॉपांतील छोट्या खाचेत बसते. परंतु २०१ आणि २११ ही कार्डे विशिष्ट प्रोसेसरांशी जखडलेली असतात, आणि पुष्कळ पातळ यंत्रांत कार्ड मुख्य फळीवरच सोल्डर केलेले असते. जाणत्याकडून आत पाहून घेतल्याखेरीज कार्ड विकत आणू नये.

ज्यांच्या यंत्रात ६ई चे कार्ड आहे आणि तरीही जाळे दिसत नाही, त्यांची गोष्ट निराळी. विंडोज १० ने ६ गिगाहर्ट्झचा पट्टा स्वीकारलाच नाही. त्यासाठी विंडोज ११ आणि कार्डाचा नवा ड्रायव्हर लागतो. पुष्कळदा यंत्र नवे, कार्ड नवे, आणि ड्रायव्हर मात्र कारखान्यातून आला तोच असतो. तो यंत्राच्या उत्पादकाकडून उतरवून घेतला की काम होते. नव्या पट्ट्यावर डब्ल्यूपीए ३ या नव्या संरक्षणाखेरीज जोडणी होत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

आणखी एक खुबी आहे. अमेरिकेत या पट्ट्यात छोट्या वाहिन्या ५९ आहेत. प्रत्येकीवर थांबून कानोसा घ्यावयाचा तर फार वेळ जाईल. म्हणून संगणक त्यांपैकी ठरावीक १५ वाहिन्यांवर शोध घेतो, किंवा त्याच राउटरच्या २.४ वा ५ गिगाहर्ट्झच्या जाळ्याकडून 'माझा धाकटा भाऊ अमुक ठिकाणी आहे' अशी खूण मिळण्याची वाट पाहतो. त्यामुळे वेगाच्या मोहाने कोणी जुने दोन पट्टे बंद केले, तर नवे जाळे सापडणे सोपे होण्याऐवजी कठीण होते.

सर्वांत दुर्लक्षित अडसर कायद्याचा आहे. आकाश सर्वांचे असले तरी लहरी सरकारच्या ताब्यात असतात. आमच्या वडिलांना रेडिओसाठी पोस्टातून परवाना काढावा लागे, हे माझ्या वयाच्या वाचकांस स्मरत असेल. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला, आणि ५ गिगाहर्ट्झची कक्षा २०१८ मध्ये बरीच रुंदावली. अमेरिकेने ५९२५ ते ७१२५ मेगाहर्ट्झ हा सगळा नवा पट्टा एप्रिल २०२० मध्ये खुला केला. आपल्याकडे त्याचा खालचा भाग, म्हणजे ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ, घरातल्या अल्पशक्तीच्या वापरासाठी मोकळा करण्याच्या नियमांचा मसुदा मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवाळीपर्यंत तो अंतिम झालेला नव्हता. या सावधगिरीस कारण आहे. जमिनीवरून इन्सॅटसारख्या उपग्रहांकडे संदेश पाठवण्यासाठी याच ५९२५ ते ६४२५ च्या लहरी वापरल्या जातात. मालक आधीपासून राहत असलेल्या घरात नवा भाडेकरू आणावयाचा, तर आवाज किती करावयाचा हे ठरवून द्यावेच लागते.

बिनतारी कार्ड सहसा कोणत्या ना कोणत्या देशाचे नियम पाळत असते, आणि त्या देशात जो पट्टा खुला नाही, तो ते उघडत नाही. म्हणजे माझ्या यंत्रात ६ई चे कार्ड असते, तरीही भारताचे नियम पाळणारे ते यंत्र आंधळेपणाचे सोंग करू शकले असते. आणि ते योग्यच ठरले असते. चूक अमेरिकेचे नियम घेऊन दांडिया बाजारात बोलणाऱ्या राउटरची होती. याची उलट बाजूही पाहिली आहे. एका स्नेह्यांच्या कन्येने अमेरिकेत घेतलेल्या लॅपटॉपला येथील घरचे जाळे दिसेना. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात अमेरिकेत ११ वाहिन्या वापरतात, भारतात १३. राउटर आपोआप तेराव्या वाहिनीवर गेला होता. त्याला १, ६ किंवा ११ यांपैकी एका वाहिनीवर कायम बसवताच जाळे दिसू लागले. परदेशातून येणारी यंत्रे वडोदऱ्यात घरोघर आहेत, म्हणून हे मुद्दाम नोंदवले.

पुतण्या सासुरवाडीहून परतल्यावर मी त्याला हे सर्व सांगितले. तो हसला, "काका, तुम्ही माझी परीक्षा घेता आहात," म्हणाला. पण त्याने ६ गिगाहर्ट्झचा पट्टा बंद केला. मग मी ५ गिगाहर्ट्झच्या जाळ्यावर वेग मोजला. आम्ही १०० मेगाबिटांच्या जोडणीचे पैसे भरतो, आणि जवळजवळ तेवढा वेग त्या 'जुन्या' पट्ट्यावर मिळत होता. नळच बारीक असता हंडा मोठा आणून काय होणार? आमच्या घराच्या भिंती हातभर जाडीच्या आहेत. ५ गिगाहर्ट्झची लहरही माजघरात पोचताना थकते, तर त्याहून आखूड लहर माझ्या अभ्यासिकेत कितपत आली असती, याची शंकाच आहे. माजघरातली मंडळी २.४ वरच सुखी आहेत.

दुकानदाराचे एक म्हणणे मात्र मी मानले. आधार संपलेली ऑपरेटिंग सिस्टीम अशीच वापरणे धोक्याचे आहे. म्हणून विंडोज १० साठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळणारे जादा सुरक्षा-संरक्षण नोंदवून घेतले, आणि त्या मुदतीत कोशाचा मजकूर युनिकोडमध्ये आणावयाचा, मगच यंत्रास हात लावावयाचा, असे ठरवले. मजकुराच्या दोन प्रती वेगळ्या ठिकाणी ठेवल्या आहेत.

राउटर पुतण्याने परत जाताना आपल्या सामानात नेला. त्याच्या जागी जुनाच लावला आहे. कोशाचे रूपांतर त्याच लॅपटॉपवर चालू असून सध्या 'न' या अक्षरापर्यंत आलो आहे.