तड्याचा वेग

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. तेव्हापासून लातूर-नांदेडकडे भिंतीला तडा दिसला की एकच प्रश्न विचारला जातो : घर पडेल का? त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा : तडा वाढतो आहे का, आणि किती वेगाने?

ठिसूळ वस्तू एका घावातच फुटते, असा आपला समज असतो. काचेची ताकद तिच्यातल्या बारीक चिरांवर ठरते, हे ग्रिफिथ या ब्रिटिश अभियंत्याने १९२१ मध्ये मांडले. पण फुटण्याइतका ताण नसतानाही चीर स्वस्थ बसत नाही. हवेतल्या बाष्पाचे रेणू तिच्या टोकापर्यंत पोहोचतात आणि तिथले ताणलेले सिलिकॉन-ऑक्सिजन बंध एकेक करून सोडवतात. शेल्डन विडरहॉर्न या अमेरिकी संशोधकाने याची मोजमापे १९६७ मध्ये प्रसिद्ध केली. काचपट्टीत चीर पाडायची, ठरावीक भार द्यायचा, भोवतालची आर्द्रता कायम राखायची आणि चिरेचे टोक किती वेळात किती सरकले ते टिपायचे. दमट हवेत चीर कोरड्या हवेपेक्षा कितीतरी वेगाने वाढली. साध्या काचेवरचा ताण पाण्यात दहा टक्के वाढवला, तर हा वेग सुमारे चौपट-पाचपट होतो. आपल्या काळ्या पाषाणातही, म्हणजे बेसाल्टमध्येही, अशी संथ वाढ होते.

घराची भिंत मात्र अखंड काच नव्हे. किल्लारी परिसरात मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती ढासळल्या. दगडांना एकमेकांशी धरून ठेवणारे काही नव्हते. शिवाय आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्यावरचा पाया हलतो आणि तडा कमी-जास्त होतो. म्हणून एका दिवसाचे माप पुरत नाही.

तड्यावर काचपट्टी चिकटवण्याची जुनी रीत आहे. पट्टी फुटली की भिंत हलली एवढे कळते; किती हलली ते कळत नाही. त्यापेक्षा तड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक खिळा पक्का बसवावा, दर महिन्याला दोहोंमधले अंतर कॅलिपरने मोजावे आणि तारखेसह वहीत लिहावे. वर्षाअखेर आकडा जवळपास मूळ जागी आला, तर तो बहुधा ऋतूंचा फेरा. आकडा चढतच राहिला, तर वही घेऊन अभियंत्याकडे जावे. तडा घाईने लिंपला की ही नोंद बुजते. भिंत मात्र तशीच राहते.