विश्लेषण : आठवण मेंदूत पहिल्यांदा उमटते कशी?

मोबाइलवर आलेला सहा आकडी ओटीपी टाकून होताच विसरला जातो. पण दहावीच्या निकालाच्या दिवशी घरात कोण काय बोलले, हे वीस वर्षांनीही आठवते. काय ठेवायचे आणि काय सोडायचे, याची पहिली चाळणी मेंदूतील पेशींच्या सांध्यावर लागते. तिथल्या ‘एनएमडीए’ नावाच्या सूक्ष्म दाराने साथ दिली नाही, तर नवे प्रसंग लक्षात राहणे कठीण होते. मद्यपानानंतर हरवलेली रात्र आणि अनेकदा मानसिक आजार समजला जाणारा एक मेंदूविकार, या दोन्हींचा संबंध याच दाराशी आहे.

नवी आठवण ही वेगळी प्रक्रिया कशी?

अमेरिकेतील हेन्री मोलायसन या तरुणाला अपस्माराचे तीव्र झटके येत. ते थांबवण्यासाठी १९५३ मध्ये, वयाच्या २७व्या वर्षी, त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा काही भाग शस्त्रक्रियेने काढण्यात आला. त्यात ‘हिप्पोकॅम्पस’चा मोठा भाग होता. झटके कमी झाले, बुद्धी शाबूत राहिली, बालपणही आठवत होते. मात्र नवीन काहीच टिकेना. लक्ष एकवटले असेपर्यंत तो आकडे ध्यानात ठेवी; लक्ष दुसरीकडे गेले की सारे पुसले जाई. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याचा अनेक वर्षे अभ्यास केला. २००८ मध्ये मृत्यू होईपर्यंत त्याची ही अवस्था कायम होती. जुने आठवणे आणि नवे साठवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे त्याच्यामुळे स्पष्ट झाले.

चेतासंधीवर काय घडते?

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. एकेका पेशीचे इतर पेशींशी हजारो सांधे असू शकतात. त्यांना चेतासंधी अर्थात सिनॅप्स म्हणतात. यातील बहुतेक ठिकाणी दोन पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मध्ये साधारण २० नॅनोमीटरची, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी लहान फट असते. पहिल्या पेशीतून विद्युतसंदेश आला की ग्लुटामेटसारखे रसायन या फटीत सोडले जाते. ते पलीकडच्या पेशीवरील ग्राहींना, म्हणजेच रिसेप्टरना चिकटते आणि संदेश पुढे जातो.

दोन पेशी वारंवार एकत्र सक्रिय झाल्या तर त्यांच्यातील सांधा बळकट होत असावा, अशी कल्पना कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये मांडली. तिला प्रयोगाचा आधार १९७३ मध्ये मिळाला. टिमोथी ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी ऑस्लो येथे सशांच्या हिप्पोकॅम्पसमधील मार्गाला जलद विद्युतस्पंदनांचे छोटे झोत दिले. त्यानंतर त्याच मार्गावरील साध्या संदेशालाही कित्येक तास अधिक जोरदार प्रतिसाद मिळत राहिला. या बदलाला ‘एलटीपी’ म्हणजे दीर्घकालीन दृढीकरण असे नाव मिळाले.

दोन किल्ल्यांचे कुलूप म्हणजे काय?

ग्लुटामेट ओळखणारे दोन ग्राही इथे महत्त्वाचे आहेत. पहिला ‘एएमपीए’. ग्लुटामेट चिकटताच तो उघडतो, सोडियमचे आयन आत येतात आणि रोजची संदेशवहनाची कामे होतात. दुसरा ‘एनएमडीए’. त्याच्या मार्गात मॅग्नेशियमचा आयन बुचासारखा अडकलेला असतो. त्यामुळे नुसते ग्लुटामेट चिकटून फारसे काही होत नाही. त्याच वेळी पलीकडची पेशीही पुरेशी उत्तेजित असेल, तरच तिच्यातील विद्युतदाब बदलतो आणि बूच बाहेर फेकले जाते.

बँकेच्या लॉकरसारखाच हा प्रकार. एक किल्ली बँकेची, दुसरी ग्राहकाची. दोन्ही एकदम लागल्याशिवाय लॉकर उघडत नाही. त्यामुळे दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या, हे ओळखण्याचे काम हा ग्राही करतो. चेहऱ्याला नाव आणि जागेला प्रसंग जोडण्यासाठी मेंदूला नेमके हेच हवे असते.

पहिल्या काही मिनिटांत काय होते?

एनएमडीएचे दार उघडले की कॅल्शियम आत शिरते. त्यामुळे ‘कॅमकेटू’ नावाचे विकर जागे होते. आधीचे एएमपीए ग्राही अधिक कार्यक्षम होतात आणि पेशीत साठवलेले आणखी ग्राही सांध्यावर आणले जातात. सांध्याचा काट्यासारखा उंचवटा फुगतो. पुढच्या वेळी तेवढ्याच ग्लुटामेटला मोठा प्रतिसाद मिळतो. हे सारे हाताशी असलेल्या सामग्रीवर भागते. म्हणूनच ते झटपट होते, पण कायमचे टिकत नाही.

याचा स्मरणाशी संबंध कशावरून? एनएमडीए ग्राही रोखणाऱ्या रसायनाने एलटीपी होत नाही, असे ग्रॅहम कॉलिंगरिज व सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये दाखवले. रिचर्ड मॉरिस यांनी १९८६ मध्ये तेच रसायन उंदरांना दिले. गढूळ पाण्याच्या हौदात दडवलेला चौथरा कुठे आहे, हे त्या उंदरांना नीट शिकता आले नाही. ब्लिस, कॉलिंगरिज आणि मॉरिस यांना २०१६ मध्ये ‘ब्रेन प्राइझ’ देण्यात आले.

कच्ची नोंद पक्की कधी होते?

अमेरिकेतील बर्नार्ड ॲग्रानॉफ यांनी १९६०च्या दशकात गोल्डफिशना विजेचा झटका टाळायला शिकवले. शिकवल्यावर लगेच प्रथिननिर्मिती रोखणारे औषध दिले, तर काही दिवसांनी माशांना धडा आठवत नसे. तेच औषध तासाभराने दिले, तर आठवण शाबूत राही. शिकणे आणि ते पक्के होणे यांच्यात नाजूक काळ असतो, हे यातून दिसले.

एरिक कँडेल यांनी समुद्री गोगलगाईवर केलेल्या प्रयोगांतून पुढचा टप्पा उलगडला. एकदा दिलेल्या उत्तेजनाची आठवण अल्पकाळ टिकते. तेच उत्तेजन अंतराने पुन्हा पुन्हा दिले, तर पेशीच्या केंद्रकातील जनुके कामाला लागतात, नवी प्रथिने तयार होतात आणि नवे सांधेही फुटतात. या कामासाठी कँडेल यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

दार अडले तर काय होते?

मद्य एनएमडीए ग्राहींचे काम मंदावते. जास्त प्यालेला माणूस बोलतो, चालतो. पण दुसऱ्या दिवशी त्याला काही आठवत नाही. ती आठवण अनेकदा पुसली गेलेली नसते, तर मुळात तयारच झालेली नसते. भुलीसाठी वापरले जाणारे केटामाइनही हाच ग्राही रोखते.

याहून गंभीर म्हणजे ‘अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस’. जोसेप डालमाउ व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये तो ओळखला. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच एनएमडीए ग्राहींवर हल्ला करते. रुग्णांत तरुण स्त्रिया आणि मुले अधिक असतात. काही स्त्रियांत अंडाशयातील गाठ कारणीभूत असते. सुरुवात भास, संशय, झोप उडणे, विचित्र वागणे यांनी होते. घरच्यांना हा वेडाचा झटका किंवा बाहेरची बाधा वाटू शकते. पुढे आकडी, स्मृतिभ्रंश, बेशुद्धी येते. पाठीच्या कण्यातील द्रव आणि रक्त तपासून निदान होते. वेळेत प्रतिकारशक्ती आवरणारे उपचार मिळाले, तर बहुतांश रुग्ण चांगले बरे होतात. मात्र आजाराच्या काळातील दिवस अनेकांना आठवत नाहीत.

मग स्मरणशक्तीची गोळी शक्य आहे?

प्रिन्स्टन विद्यापीठात १९९९ मध्ये जो त्सिएन यांच्या चमूने एनएमडीए ग्राहीचा एक घटक वाढवलेले उंदीर तयार केले. ते अधिक चटकन शिकले. पण अशा उंदरांना दीर्घ वेदनाही जास्त जाणवतात, असे पुढे आढळले. कॅल्शियम प्रमाणाबाहेर आत आले, तर पेशी मरतात. अल्झायमरच्या रुग्णांना दिले जाणारे मेमँटिन हे औषध म्हणूनच हे दार अधिक उघडत नाही, उलट त्याची अतिरिक्त उघडझाप रोखते.

बाजारातील ‘मेमरी टॉनिक’च्या दाव्यांकडे या पार्श्वभूमीवर पाहायला हवे. आठवण पक्की होण्यासाठी लक्ष, थोड्या अंतराने उजळणी आणि पुरेशी झोप हेच उपाय आजही भरवशाचे आहेत; परीक्षेआधी रात्रभर जागून केलेले पाठांतर त्यात बसत नाही. आणि तरुण व्यक्तीचे वागणे अचानक बदलले, जोडीला विसरभोळेपणा किंवा आकडी आली, तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता मेंदूविकारतज्ज्ञाकडे जाणे गरजेचे आहे.