कडक गादीवर लेटेक्सचा थर

"कंबर दुखते, एकदम कडक गादी द्या." नाशिकच्या माझ्या दुकानात हे वाक्य सारखं कानावर येतं. काथ्याची टणक गादी घरी जाते आणि काही आठवड्यांनी त्यातलेच काही जण परत येतात. कंबर बरी आहे, पण कुशीवर झोपलं की खांदा अवघडतो, हाताला मुंग्या येतात, गादी बदलून द्या. बदलायची गरज बहुतेकदा नसते. त्याच गादीवर लेटेक्सचा टॉपर, म्हणजे वरून अंथरायचा थर, टाकला की भागतं.

कडक तेवढं चांगलं, हे आपल्या डोक्यात घट्ट बसलंय. 2003 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास आला होता. जुनाट कंबरदुखीच्या 313 रुग्णांपैकी काहींना कडक, काहींना मध्यम कडक गादी दिली. 90 दिवसांनी मध्यम गादीवाल्यांना जास्त आराम पडलेला दिसला. कारण साधं आहे. कुशीवर झोपल्यावर सगळा भार खांद्यावर आणि खुब्यावर येतो, कंबर मात्र अधांतरी राहते. खांदा-खुबा थोडा आत गेला की कंबरेलाही टेकू मिळतो.

माझे वडील कापसाच्या गाद्या भरायचे. कापूस दबला की पिंजून पुन्हा भरायचा, हिशेब संपला. लेटेक्स पिंजता येत नाही, म्हणून घेतानाच पारखून घ्यावं.

लेटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. आपल्या देशात तो मुख्यतः केरळातून येतो. चीक फेसायचा, साच्यात ओतायचा आणि वाफेवर पक्का करायचा, ही डनलॉप पद्धत. टॉपरला जी भोकं दिसतात ती साच्यातल्या धातूच्या खिळ्यांची. त्या खिळ्यांतून उष्णता आतपर्यंत पोचते. हवा खेळते हा वरचा फायदा. तालालाय पद्धतीत साचा अर्धवट भरून निर्वात करून फेस फुगवतात, मग गोठवतात. तो माल जास्त मऊ, सगळीकडे सारखा आणि महाग. कडक गादीवर टाकायला मला डनलॉप पुरेसा वाटतो, फक्त त्यातला मऊ प्रकार मागा. घट्ट लेटेक्स घेतलं तर कडकवर कडक, पैसे पाण्यात.

जाडी अंगकाठी आणि झोपण्याची सवय बघून ठरवावी. उताणं झोपणाऱ्याला दोन इंच पुरतात. कुशीवर झोपणाऱ्याला, त्यात खांदे रुंद असतील तर, तीन इंच. पोटावर झोपणाऱ्याला मी टॉपर विकायचं टाळतो, पोट खाली जाऊन कंबर उलटी वाकते. दुकानात तळहाताने दाबून काही कळत नाही. चपला काढून दहा मिनिटं कुशीवर पडा आणि सोबतच्या माणसाला पाठीचा कणा सरळ दिसतो का ते बघायला सांगा. लाजू नका, आमच्याकडे आजीसुद्धा पडून बघतात. आणि घरात अशा आजी असतील तर पलंगाची उंची मोजून या. तीन इंच वाढल्यावर पाय जमिनीला टेकत नाहीत, रात्री उठताना तोल जातो.

'लेटेक्स' छापलेल्या खोळीत साधा फोम निघाल्याचं मी पाहिलंय. खोळीची चेन उघडायला लावा. सहा बाय पाच फुटांचा, दोन इंची लेटेक्सचा तुकडा साधारण 10 ते 12 किलो भरतो. तेवढाच साधा फोम चार-पाच किलोतच आटपतो. पण नुसत्या वजनावरही जाऊ नका, स्वस्त मालात चुनखडीची भुकटी घालून वजन वाढवलेलं असतं. निव्वळ नैसर्गिक, की कृत्रिम रबर मिसळलेलं, हे बिलावर लिहून घ्या. सेंद्रिय म्हणून जास्त पैसे मागत असतील तर 'गोल्स' हे सेंद्रिय लेटेक्सचं प्रमाणपत्र दाखवायला सांगा. रबराच्या हातमोज्यांनी अंगावर पुरळ उठत असेल, तर लेटेक्स घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

मधे खड्डा पडलेल्या गादीवर टॉपर टाकून उपयोग नाही. वरचा थर तोच खड्डा धरतो. अशा गिऱ्हाइकाला मी नवी गादीच घ्यायला सांगतो, मग तो माझ्याकडून घेवो की शेजारून.

आता जपणुकीचं. आपल्याकडे दिवाळीआधी गाद्या गच्चीवर पडतात. लेटेक्स उन्हात टाकलं की पिवळं पडतं, कडक होऊन चुरा होऊ लागतो. खोळ काढून ती धुवा, वाळवा. टॉपर घरातच पंख्याखाली आडवा ठेवा. दोघांनी मिळून उचला, एका टोकाला धरून ओढलात तर भोकांच्या रांगेत फाटतो.